दसऱ्याला थांबलेला जॉब

जी वस्तू कुठेच नाही ती बनवायला इतका वेळ का लागतो, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या वर्षांत तर मुळीच सांगता येत नव्हतं. मी अमरावतीत एका खासगी पॉलिटेक्निकमध्ये तासिका तत्त्वावर इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवत होते आणि उरलेल्या वेळात अवकाशात जहाजं बांधत होते. बांधत होतो म्हणायला हवं, कारण आम्ही दोघी होतो. दुसरी अकोल्यात होती.

डिप्लोम्याला मेकॅनिकलच्या वर्गात मुली आम्ही दोघीच, म्हणून हॉस्टेलची खोलीही आपोआप एक झाली. ती अकोल्याच्या जुन्या शहरातली. तिच्या अब्बांचं लेथचं, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या यंत्राचं, वर्कशॉप होतं. जिनिंगचे आणि तेलघाण्यांचे शाफ्ट, रोलर, बुश, जे काही झिजेल ते त्यांच्याकडे यायचं आणि गोल होऊन परत जायचं. डिप्लोमा झाल्यावर काय करणार, असं सगळे एकमेकांना विचारत तेव्हा मुलं पुण्याचं नाव घेत. ती म्हणायची, "मी घरी जाईन आन् अब्बाची लेथ चालवीन." मुलं हसायची. मलाही ते बोलणं बोलण्यापुरतंच वाटायचं. पण ती खरंच गेली. वर्कशॉपमधल्या मिस्त्रींना मोतीबिंदूने बारीक माप दिसेनासं झालं होतं, ते काम सोडून घरी बसले होते. अब्बांनी गल्लीतल्या लोकांचं बोलणं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं आणि तिला मशीनवर उभं केलं. तिला आयुष्यात एवढंच हवं होतं. इतकं सरळ काही हवं असणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि मला स्वतःला काय हवंय हे तेव्हा ठाऊक नसल्यामुळे मी तिच्यावर थोडी चिडूनही असायचे.

अवकाशातल्या जहाजांचा हा कॉम्प्युटरवरचा खेळ तिनेच शोधला. हजारो माणसं एकाच अवकाशात इंटरनेटवरून वावरत आणि बहुतेक एकमेकांना मारत. आम्ही कधी एक गोळी झाडली नाही. तिला त्यात कारखाना दिसला होता. खडक फोडायचे, धातू काढायचा, ड्रॉइंग लावायचं आणि वस्तू बनवायची. "कोणी तं काही बनवते पाय," ती फोनवर म्हणाली. तिचा आवाज ऐकून मी लगेच हो म्हटलं.

खातं दोघींत एकच होतं. ते नियमात बसत नसणार, पण आम्ही नियम वाचलेच नव्हते. एका वेळी एकीलाच आत जाता यायचं, आणि आमच्या पाळ्या लोडशेडिंगने ठरवल्या होत्या. अकोल्यात लाईट गेली की मी बसायचे, अमरावतीत गेली की ती. दोन्हीकडे एकदम गेली की खेळ तसाच. एकमेकींना निरोप द्यायचा तर आम्ही जहाजाचं नाव बदलायचो, ते कितीही वेळा बदलता येत होतं. मी आत जावं तर आमचं बिचारं मालवाहू जहाज रोमन अक्षरांत 'लोखंड संपलं' किंवा 'भाकरी खाऊन येते' असं नाव लावून गोदीत उभं असे. शेजारी कुठल्या तरी दूरदेशच्या माणसाचं भयंकर नावाचं युद्धजहाज असायचं. त्याला आमचं काय वाटत असेल कोण जाणे.

माझा गोंधळ खरा सुरू झाला तो संशोधनापासून. प्रत्येक वस्तूचं एक ड्रॉइंग विकत मिळायचं, आणि ते कोरं असताना माल फार वाया जायचा. मग ते ड्रॉइंग प्रयोगशाळेत ठेवायचं. तिथे कोणी शास्त्रज्ञ नाही, प्रयोग नाही, आपण काही करायचं नाही. ड्रॉइंग पडून राहतं, खरे दिवस जातात, आणि मुदत भरली की तीच वस्तू कमी मालात बनते. मी तिला विचारलं, या काळात नेमकं काय होतं? ती म्हणाली, संशोधन होते. मी म्हटलं, कोण करतं? ती म्हणाली, "कोणी नाई करत, होते." मी वर्गात पोरांना समजावून सांगण्याची भाकरी खाणारी बाई, आणि हे मला कोणी समजावून सांगत नव्हतं. त्यात मूळ ड्रॉइंग वेगळं, त्याची कॉपी वेगळी. कॉपीवरून ठरावीक नग निघाले की ती संपणार, आणि कॉपीवर संशोधन करता येत नाही. हे कळण्याआधी मी हौसेने एक कॉपी घेऊन बसले होते आणि प्रयोगशाळा ती घेत का नाही म्हणून आठवडाभर कपाळाला हात लावून होते.

एकदा आई गावाहून आली होती. गाव भातकुलीकडचं, घरचा कापूस, थोडी तूर. ती माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत होती.

"काय करून राहिली वं?"

"जहाज बनवायचंय. त्याचं ड्रॉइंग सुधारून राहिली."

"मंग बनव ना."

"आत्ता बनवलं तर बनवायलेच जास्त पैसा लागते. बाजारात तेवढा भाव नाही."

आईने पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि खाटेवर बसली. "म्हंजे आपल्या कापसावानीच हाय," ती म्हणाली. "अन् हे तुले कोनं करायले लावलं?"

कोणीच लावलं नव्हतं. त्या दिवसांत बाहेरचे लोक कॅमेरे घेऊन वऱ्हाडात यायचे, शिवारात उभे राहून आम्हाला आमच्याबद्दल विचारायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. टीव्हीवर आमच्या जिल्ह्याचं नाव आलं की आई उठून आवाज कमी करायची. आणि मी तिची शिकलेली मुलगी, तोट्याचं जहाज तोट्यात जाऊ नये म्हणून दिवसचे दिवस वाट बघत होते. आई हसली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त, जेवून घे, म्हटलं.

तरी खेळात एक गोष्ट अशी होती की जिच्यामुळे माझ्या मैत्रिणीचा जीव त्यात अडकला होता. लाईट गेली तरी काम थांबत नसे. कॉम्प्युटर बंद असो, आपण झोपलेलो असो, तिकडे सर्व्हरवर जॉब चालूच. जॉब हा शब्द वर्कशॉपमध्येही तोच आहे. लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, जो तुकडा धरतात तो जॉब. तिच्याकडे दिवसातून कितीदा तरी लाईट जायची, चक गरगरत मंद होत थांबायचा, आणि ती हात पुसत पायऱ्यांवर बसून राहायची. "तिकडचा जॉब पाय कसा चालते, टच न करता," ती मला फोनवर सांगायची. लाईट आली की ती लेथवर होती तिथूनच काप पुढे सुरू करायची. तुकडा चकमध्ये तसाच घट्ट असतो, टूल जागेवर असतं, काही बिघडत नाही.

लेथ एकच दिवस मुद्दाम बंद असायची, दसऱ्याला. हे तिने मला हॉस्टेलवर असतानाच सांगितलं होतं. मिस्त्री आदल्या दिवशी मशीन रॉकेलने धुवायचे, तेल द्यायचे, हळदीकुंकू आणि झेंडूचा हार घालायचे, नारळ फोडायचे. अब्बा धुतलेला कुर्ता घालून बाजूला उभे राहायचे आणि नंतर गल्लीत पेढे वाटायचे. पूजा त्यांची नव्हती, पण मशीनचा आराम त्यांचा होता. त्या दिवशी मशीनला कोणी हात लावायचा नाही. लहान असताना तिने एकदा खेळता खेळता चक हाताने फिरवला, तर थोबाडीत बसली ती मिस्त्रींची नव्हे, अब्बांची. "सालभर अपने लिए घूमती है. एक दिन तो छोड," असं म्हणाले होते. हे सांगताना ती गाल चोळायची आणि हसायची.

त्या वर्षी तिच्याकडची कामं पातळ झाली. दोन जिनिंग बंद पडल्या, तिसरीने नवी यंत्रं बसवली, त्यांचे भाग बाहेरून तयार यायचे. झिजलेला रोलर घेऊन कोणी येईना. एकदा बोलता बोलता ती म्हणाली की घरात लेथ विकायची गोष्ट निघाली होती. पुढच्याच श्वासात तीच म्हणाली, "निघाली आन् संपली. अब्बा नाई विकत. मी हाय ना." त्यावर मला काही विचारायचं होतं, पण तेवढ्यात तिच्याकडे लाईट आली आणि ती फोन ठेवून पळाली.

त्याच सुमारास आम्ही मोठ्या जहाजाचं मूळ ड्रॉइंग घेतलं. खेळात आमच्याकडे होतं नव्हतं ते सगळं त्यात गेलं. प्रयोगशाळेत जागा मिळेना. जगभरच्या लोकांची ड्रॉइंगं रांगेत होती, आणि आमचा नंबर लागेपर्यंत पावसाळा उतरला. लागला त्या दिवशी तिने जहाजाचं नाव 'सुरू' असं ठेवलं. मुदत लांबची होती, दिवाळीच्या पुढची. ती रोज आत जाऊन पाहायची. पाहण्यासारखं काही नव्हतं, एक आकडा कमी व्हायचा. मला त्याचा कंटाळा यायचा आणि तरी मीही पाहायचेच. शेतातल्या पिकाला आपण जाऊन बघितल्याने काही फरक पडत नाही, तरी बाबा बांधावर जाऊन येतात, तसंच काहीसं असावं.

दसऱ्याला कॉलेजला सुट्टी होती. सकाळी आंघोळ करून मी कॉम्प्युटर लावला. गोदीत आमच्या जहाजाचं नाव होतं, 'आज मशीन बंद'. मला आधी गंमत वाटली. मग मी जॉबच्या पानावर गेले, आणि तिथे काहीच नव्हतं. ड्रॉइंग गोदामात परत आलेलं, कोरं, जसं विकत घेतलं होतं तसं. इतके आठवडे गेले होते ते कुठे गेले? मी पुन्हा पुन्हा पान उघडत होते. खेळ चुकला असेल, आमचं खातं कोणी फोडलं असेल, असं काय काय डोक्यात आलं. पण नाव तर तिच्याशिवाय कोणी ठेवणार नव्हतं. जॉब मध्येच रद्द केला तर झालेलं संशोधन बुडतं आणि रांगेतली जागाही जाते, हे आम्हाला दोघींना ठाऊक असायला हवं होतं. निदान मला होतं.

मी फोन लावला. "जॉब तू बंद केला?"

"हो."

"कावून?"

"दसरा हाय ना."

मला वाटलं, पुढे काही येईल. आलं नाही. मी म्हटलं, "अगं तो सगळा गेला. सुरुवातीपासून करावं लागेल. रांगेत पुन्हा लागावं लागेल."

पलीकडून अगदी लहान आवाजात, "गेला?" आणि थोड्या वेळाने, "मले वाटलं उद्या तिथूनच सुरू करता येईल."

मी रागावले. कशावर, ते कळत नव्हतं. एक तर सण माझा, त्याचं पालन तिने करावं आणि नुकसान दोघींचं व्हावं. माझ्या लक्षातही नव्हतं की जॉबला दसरा असतो. आई इथे असती तर म्हणाली असती, पोरीनं बरोबर केलं. मग मी चिडते का? आणि ही हुशार बाई, मापाला केसाएवढी चुकत नाही, हिला रद्द आणि बंद यांतला फरक कसा कळला नाही? मी बोलू नये ते बोलले नाही, पण बोलावं तेही बोलले नाही. "ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी लोक सोनं द्यायला येत होते आणि मी आपट्याची पानं हातात घेऊन भलतीकडेच पाहत होते.

नंतर तिचा फोन नाही. खेळात जहाज त्याच नावाने उभं. लाईट त्यांच्याकडे असतानाही ती आत येत नव्हती. मला ते सहन होईना, म्हणून रविवारी अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूरपर्यंत मी मनात भांडणाची तयारी केली आणि पुढे ती सगळी विसरून समजुतीची केली. मोर्णेचा पूल ओलांडून ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला तेव्हा दोन्हींपैकी एकही तयारी उरली नव्हती.

वर्कशॉपचं शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत गेले. आत नेहमीचा तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास होता. अब्बा स्टुलावर बसले होते. त्यांच्यासमोर, लेथ असायची तिथे, सिमेंटचा चौथरा होता आणि त्यातून जाडजूड बोल्ट वर आलेले. मशीन नव्हतं. चौथऱ्यावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं आणि बोल्टांभोवती झेंडूचा हार घातलेला, वाळून करडा झालेला. मला क्षणभर समजेचना मी काय पाहतेय. पूजा तर झालेली आहे, मग मशीन कुठे?

"बैठो बेटा," अब्बा म्हणाले. "मिस्त्री को बताया नहीं था. हार लेके आ गया. वापस कैसे भेजता?"

लेथ दसऱ्याच्या आदल्याच आठवड्यात गेली होती. खामगावकडचा कोणी ट्रक घेऊन आला आणि नेली. मला तिने सांगितलं नव्हतं. मी वर, त्यांच्या घरात गेले. ती खिडकीत बसून तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? मी हाय ना, मी हाय ना, करत होती. मी असूनही गेली." तिने एक खडा शोधून बाजूला टाकला. "दसऱ्याच्या सकाळी उठली तं सवयीनं खाली गेली, मशीनची पूजा पाहायले. खाली काहीच नाई. मिस्त्रीकाका हार घेऊन उभे. अब्बा त्यायच्याकडे पाहेनात. मी वर आली. माह्याजवळ चालू असलेलं एकच मशीन होतं. मले वाटलं, त्याले तरी आजचा दिवस सुट्टी देऊ."

मी तिच्याजवळ बसले. मी ताटातले तांदूळ निवडायला लागले. ती म्हणाली, "तुले जमत नाई, राहू दे." मी निवडतच राहिले.

ड्रॉइंग आम्ही पुन्हा रांगेत लावलं. तिने बार्शीटाकळीला एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा धरली. काचेच्या नळ्या मोजायच्या आणि पोरांनी फोडू नयेत म्हणून पाहायचं. वर्कशॉपच्या जागेत किराणा आला. चौथरा फोडायला भाडेकरूंना परवडेना, म्हणून त्यावर साखरेची पोती रचली जात. ती खेळात पूर्वीसारखीच यायची, पण आता निरोप लहान असायचे. 'तांबं आणलं.' 'झोपते.' रांग त्या वर्षी फारच लांबली. शेवटी आमचा नंबर लागला आणि मुदत मोजली, तर मध्येच पुढचा दसरा येत होता.

दसऱ्याच्या सकाळी मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि मला काय करावं ते सुचेना. आता मला ते ठाऊक होतं जे गेल्या वर्षी ठाऊक नव्हतं. थांबवला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. नाही थांबवला तर तिच्या घरची रीत मोडल्यासारखं. ती माझी रीत होती, का त्यांची होती, आता कोणाची होती, मशीनच नाही तर कोणाला आराम द्यायचा, हे मी घोटून घोटून पाहिलं आणि जास्तच गुंतले. मग मी ठरवलं की थांबवायचा. आठवडे गेले तर गेले. तिच्यासाठी कोणी तरी एकदा एवढं करावं, असं मला मनापासून वाटलं.

आत गेले तर ती आधी येऊन गेली होती. जहाजाचं नाव होतं, 'बंद नको करू'.

मी फोन लावला. ती शाळेच्या कार्यक्रमाला निघाली होती, मागे बसस्टँडचा आवाज होता.

"मी आत्ता बंदच करणार होते," मी म्हटलं.

"मले माहीत होतं. म्हनून तं सकाळीच नाव टाकलं."

"पण दसरा आहे."

"हो. चालू राहू दे ना. कोणाचं तरी चालू राहू दे."

ती म्हणाली बस आली, आणि फोन ठेवला. मी जॉबचं पान उघडून बसले. आकडा कमी होत होता. मी हात लावला नाही. थोड्या वेळाने अमरावतीतली लाईट गेली, पडदा काळा झाला, पंखा हळू होत थांबला. मी अंधारलेल्या पडद्यासमोर तशीच बसून राहिले. तिकडे जॉब चालू होता.